चीवराचा एक टाका

सालवडच्या नाक्यावर एक टेलर बसायचा. ऐंशीच्या दशकात मी चिंचणीहून कंपनीत जायचो, तेव्हा बस बदलताना तो रोज दिसायचा. हात थांबला की सुई कॉलरला खोचायची, ही त्याची सवय. नाव मी कधी विचारलं नाही.

त्याच्या वस्तीतल्या बौद्ध विहारात एक भंते पावसाळाभर मुक्कामाला असत. मुक्काम संपला की त्यांना चीवर, म्हणजे भिक्खूचं अंगवस्त्र, द्यायचं, आणि ते वस्त्र एका दिवसात शिवून झालं पाहिजे, असा नेम. एका वर्षी त्या नेमाच्या दिवशी सकाळी टेलर कोऱ्या कापडाचे तुकडे जोडत होता.

"चांगलं कापड कशाला कापलंत?" मी विचारलं.

"कापलं की त्याचा मोह जातो, असं भंते सांगतात. माझा मात्र शिवताना वाढतो."

मग काठाची चार बोटं जागा मोकळी ठेवून त्याने सुई माझ्यापुढे धरली. "चीवराला सगळ्यांचा हात लागला पायजे, असं त्यांचं म्हणणं हाय. वस्तीचा झाला. तुमी पन एक टाका घाला."

मला आमची आळी आठवली. कुणी पाहिलं तर काय म्हणतील, एवढंच डोक्यात आलं.

"बस चुकेल," मी म्हणालो. बसला वेळ होता, हे त्यालाही ठाऊक होतं.

"बरं," म्हणत त्याने सुई कॉलरला खोचली.

पंधरा मिनिटं मी समोरच्या थांब्यावर उभा होतो. ती चार बोटं जागा त्याने तशीच ठेवली होती. बस आली, मी चढलो, तेव्हा कुठे त्याने कॉलरची सुई काढली.