टिकल्या लावलेलं विमान

दुकानात चमकत्या टिकल्यांचं पाकीट दिसलं की आजही माझं डोकं फिरतं. मुलगी म्हणते, आई, त्या टिकल्यांनी तुझं काय घोडं मारलंय? घोडं नाही, विमान मारलं. आणि मारणारे सगळे आमच्याच घरातले होते, माझ्यावर माया करणारे होते. परक्यानं मारलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. घरच्यांवरचा राग मेला कुठं टाकायचा ते कळत नाही, म्हणून तो इतकी वर्षं टिकून आहे.

आम्ही मलकापूरला राहायचो. गावाबाहेर बाबांचा भाजीचा मळा होता. थोरला भाऊ अकोल्याला कॉलेजात शिकायचा आणि तिथं विमानदलाच्या छात्रसेनेत होता. सुट्टीत घरी आला की दादा मॉडेल विमानांच्या गोष्टी सांगायचा. परदेशात म्हणे माणूस हातात डबी घेऊन खाली उभा राहतो आणि आकाशातलं विमान रेडिओच्या लहरींवर हवं तसं वळवतो. आमच्या घरात तेव्हा साधा रेडिओसुद्धा नव्हता. पण बाबांच्या ओळखीच्या एका दुकानदाराकडे नवे रेडिओ यायचे, ते थर्माकोलच्या साच्यात बसवलेले असायचे. तो पांढरा, पापडासारखा हलका माल दुकानदार मागच्या गल्लीत फेकून द्यायचा. दादानं तो आणला, त्याचं एक विमान केलं आणि मळ्यात नेऊन फेकलं. ते नाकावर आपटलं. दुसरं केलं, तेही आपटलं. मग दादाची सुट्टी संपली आणि हौसही संपली.

मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. 'बसले' हा शब्द आमच्याकडे फार मजेशीर वापरतात. पहाटे पाणी भरायचं, भाजीच्या जुड्या बांधायच्या, तीनदा चूल पेटवायची, आणि लोकांना सांगायचं, पोरगी घरी बसली आहे. तर त्या बसण्यातून वेळ काढून मी दादाची मोडकी विमानं उचलली आणि ती का पडतात ते बघत राहिले.

कापायला मी सायकलच्या चाकाची तार घ्यायचे. शेगडीत लाल केली की ती थर्माकोलमधून लोण्यातून जावी तशी जायची. वास मात्र असा सुटायचा की आई पदर नाकाला लावून मला आणि दादाला एकदमच शिव्या द्यायची. पंख वरून थोडा फुगीर हवा, मागं निमुळता हवा, हे कुणी शिकवलं नाही. काचकागदानं घासत गेले, उडवत गेले आणि हाताला समजत गेलं. सांधे मैद्याच्या खळीनं जोडायचे. नाकात खिळे खुपसायचे, आणि दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरून विमान तोलायचं. नाक किंचित खाली झुकलं की जमलं. सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी खुंटीला बांधायची, विमान तिला अडकवून मागं ओढायचं आणि सोडून द्यायचं.

माझा सजवण्याला विरोध होता असं कुणी समजू नये. मी विमान रंगवलं होतं. डाव्या पंखाच्या खाली कपड्यांच्या निळीचा पट्टा आणि उजव्याच्या खाली आलत्याचा. वर गेल्यावर कोणता पंख कलतोय ते त्या रंगांवरून जमिनीवरून दिसायचं. पाण्यात कालवलेले रंग, त्यांना वजन नाही. त्याहून जास्त शृंगार त्याला झेपणार नव्हता, आणि हे मला ठाऊक होतं.

पाचवं की सहावं विमान असेल. त्याची शेपटी मी जरा एका बाजूला वाकवली होती. ते उठलं, विहिरीवरून गेलं, कपाशीच्या वावरावर वळलं आणि गोल फिरून माझ्यापासून चार पावलांवर उतरलं. पुन्हा सोडलं, पुन्हा आलं. त्या दिवशी मी एकटीच मळ्यात मोठमोठ्यानं हसत होते. गडी माणसांना वाटलं, पोरीला बाधा झाली.

दिवाळीला दादा आला तेव्हा त्याला दाखवलं. त्यानं ते स्वतः दोनदा सोडून बघितलं. मग म्हणाला, "हे नागपूरले नेऊ." नागपूरला छात्रांचा मेळावा भरायचा, त्यात मॉडेल विमानं उडवायची स्पर्धा असे आणि बाहेरच्यांनाही विमान आणता येई. मावशी नागपूरलाच राहायची, म्हणून मलाही सोबत न्यायचं ठरलं. बाबाही हो म्हणाले. मला दुसरं काही नको होतं. त्या मैदानावर ते विमान एकदा सोडायचं आणि ते माझ्याकडे परत येताना लोकांनी बघायचं, एवढंच.

आणि नेमकं मेळाव्याच्या आदल्या रविवारी डोणगावचे पाहुणे मला बघायला यायचं ठरलं.

आमच्याकडे मुलगी बघायला आले की तिचं हातकाम मांडायची रीत होती. बैठकीत एका टेबलावर क्रोशाचे रुमाल, मण्यांचा पोपट, लोकरीचा ससा, काचेत बसवलेलं भरतकाम. मुलीच्या हाताला वळण आहे की नाही ते त्यावरून ठरायचं. आता यातली गंमत सांगते. ते सामान मुलीचं नसायचंच. आमच्या गल्लीत एक मण्यांचा पोपट होता. तो मुळात कुणी केला देव जाणे, पण गल्लीतल्या प्रत्येक मुलीच्या बघण्याला तो टेबलावर हजर असायचा आणि प्रत्येक आई सांगायची, हा आमच्या बाईनं केला. मुलाकडचे माना डोलवायचे. त्यांच्या घरीही मुली होत्या, त्यांच्याही गल्लीत असला एखादा पोपट होताच की. सगळ्यांना सगळं माहीत, आणि सगळे गंभीर.

माझ्यासाठीही तो पोपट आला. रुमाल शेजारून आले, ससा मागच्या आळीतून आला. मला क्रोशाची सुई नीट धरता येत नव्हती. इथवर मी हसत होते. मग आईनं कपाटावरचं माझं विमान बघितलं आणि तिला वाटलं, पोरीनं स्वतः केलेलं एवढं छान आहे, तेही मांडू या.

वडनेर भोलजीहून मोठी काकू मदतीला आली होती. काकूचा हात सजावटीला प्रसिद्ध. पोळ्याला त्यांच्या बैलांची शिंगं तीच रंगवायची, आणि वडनेरची माणसं थांबून बघायची. मी सकाळी न्हायला बसले होते, शिकेकाई लावून केस मोकळे सोडलेले. तेवढ्यात काकूनं विमान घेतलं. वरून तिला ते पांढरंफटक दिसलं. मंगल कार्यात पांढरं कसं ठेवायचं? तिनं पोळ्याचा उरलेला सोनेरी रंग आणला होता, शिंगांना लावायचा, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला. तो तिनं पंखांना वरून-खालून लावला.

टर्पेंटाइन थर्माकोलला खातं. साखरेवर पाणी सांडावं तसा तो जागच्या जागी विरघळतो, खड्डे पडतात. पण काकूला आयुष्यभर शिंगांची सवय. जुनं, सुकं शिंग रंग पितं, मग त्याला दुसरा हात द्यावा लागतो. तिला वाटलं हेही पिऊन राह्यलं, म्हणून तिनं दुसरा हात दिला. मग खड्डे आणखी खोल झाले. तेव्हा तिनं लुगड्याच्या टिकल्यांची पुडी काढली आणि प्रत्येक खड्ड्यावर एकेक टिकली चिकटवली. कडेनं जरीची लेस लावली. नाकावर कुंकवाचं बोट.

मी ओले केस घेऊन बैठकीत आले तर टेबलावर पोपटाशेजारी ते बसलेलं. उचलून पंखाखाली बोटं धरली. ते एका अंगाला कलंडलं. खालून बघितलं तर निळा पट्टा नव्हता, आलत्याचा नव्हता, चाळणी झाली होती.

काकू कौतुकानं म्हणाली, "थर्माकोलले कीड लागली व्हती वाटते. मी झाकली बरं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय काय बोलले ते आठवत नाही, पण काकू रडायला लागली आणि आईनं माझा दंड धरून मला आत नेलं. पाहुणे स्टेशनवर उतरले असतील, तोंड धू, पातळ नेस. दादा दारात उभा होता. मी त्याला म्हटलं, बघ. त्यानं विमान हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि हळूच परत टेबलावर ठेवलं.

पाहुणे आले. मुलाचे वडील, एक मामा, आणि त्या घरातल्या एक वयस्क आत्याबाई. मुलगा मान खाली घालून पोहे खात होता, त्याच्याबद्दल मला आजही काही म्हणायचं नाही. प्रश्न झाले, उत्तरं झाली. मग आत्याबाई टेबलाकडे वळल्या. पोपट, ससा, रुमाल यांवरून त्यांची नजर सराईतपणे सरकली, कारण असले पोपट त्यांनी ढीगभर पाहिले होते. विमानावर ती थांबली. त्यांनी ते उचललं, टिकल्यांवरून बोट फिरवलं.

"हे टिकल्याचं काम लय बारीक हाय," त्या म्हणाल्या. "तुयंच ना पोरी?"

आई पटकन हो म्हणाली. सगळं तिनंच केलंय, म्हणाली.

मला नुसतं हसून मान खाली घालायची होती. तेवढंच काम होतं माझं. पण ज्या टिकल्यांनी ते मेलं त्याच टिकल्यांवरून ते मला पसंत करत होते, आणि ते विमान आहे हे खोलीत एकालाही दिसत नव्हतं. मी म्हणाले, "टिकल्या मी नाही लावल्या. ते विमान माह्यं हाय, ते उडत होतं. बाकीचं सारं शेजारचं हाय."

मामांनी पोपटाकडे बघितलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडात धरून उभी. बाबा हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले, पोरगी थट्टेखोर आहे. मग त्यांना वाटलं साक्षीदार हवा, म्हणून ते दादाकडे वळले आणि म्हणाले, "सांग बे, थट्टा करून राह्यली ना हे?"

दादानं ते विमान उडताना पाहिलं होतं. घरात त्या एकट्यानं पाहिलं होतं. त्यानं चहाच्या कपात बघितलं आणि म्हणाला, "हाव. तिले सवय हाय थट्टेची."

पाहुण्यांनी निघताना कळवतो म्हणून सांगितलं. आठवडा व्हायच्या आत नकार आला. मुलगी तोंडाळ आहे, असा. घरात कुणी जोरात बोललं नाही, त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं. काकू गेली. जाताना मला जवळ घेऊन म्हणाली, पुढच्या वेळेस रंग चांगल्या दुकानातला आणीन. मी तिच्यावर चिडूसुद्धा शकले नाही, इतकं ते खरं होतं.

मी टिकल्या एकेक करून काढल्या. प्रत्येक टिकलीखाली भोक. नवा पंख करायला थर्माकोल हवा होता, आणि दुकानदाराकडे दिवाळीनंतर एकही नवा रेडिओ आला नव्हता. चार बोटांचे तुकडे जोडून बघितले, ते तोलेनात. शेवटी दादा म्हणाला, यंदा राहू दे, मी नुसता बघून येतो. मी म्हटलं, मग मलाही नुसतं बघू दे. बाबा म्हणाले, नुकती सोयरीक मोडली आहे, लोक काय म्हणतील. जणू सोयरीक मोडलेल्या पोरीला नागपूरच्या मैदानात ओळखायला मलकापूर लोटणार होतं. आईनं दादाला शिदोरी बांधून दिली. तो शनिवारच्या गाडीनं एकटा गेला.

परत आला तो सोमवारी. जेवायला बसला आणि मेळाव्याचं सांगू लागला. किती पोरं, कुठून कुठून आलेली, कसली रंगीत विमानं. खूश होता. म्हणाला, पण गोल फिरून परत यायचं एकालेही नाही जमलं. आई वाढता वाढता हसत होती.

मी म्हटलं, "माह्यं येत होतं."

"हाव," तो म्हणाला. "मले माहीत हाय."

"मंग त्या दिवशी बैठकीत काऊन नाही बोल्ला?"

त्यानं घास तोंडाशी धरला होता, तो तसाच खाली ठेवला. बाबा बाहेर खाटेवर होते, त्यांनीही ऐकलं असणार. दादा हळू आवाजात म्हणाला, "बोल्लो असतो त सोयरीक मोडली असती ना बाई."

सोयरीक तर मोडलीच होती. ते मी त्याला म्हणालेही, पण त्याला खरंच कळेना की मग मी चिडले कशावर आहे. तो माझ्याकडे इतक्या काळजीनं बघत होता की मला त्याच्या थाळीला लाथ मारावीशी वाटली. मी उठून आत गेले. मागून आईचा आवाज आला, ती त्याला म्हणत होती, तू जेव, तिचं डोकं फिरलंय, आणि तिनं त्याला आणखी एक भाकर वाढली.