आयर्लंडच्या बांधावर माझी येळवस

मंडळी, आज माझी घरापासून दूरची पहिली येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, आणि तीही आयर्लंडमध्ये!

लातूरकडं या दिवशी सगळे शेतात जेवतात. वाटेवरच्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात.

आम्ही चार इंटर्न वीकेंडला इकडं फिरायला आलोय. दुपारी थंडीत कुडकुडत एका शेताच्या दगडी बांधावर सँडविच खात होतो, तेवढ्यात निलंग्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. मागं आमचं रान, येळवसेच्या जेवणाची, भज्जी-आंबिलीची भांडी दिसली आणि मला रडूच आलं.

"रडायलीस का गं? कुठं हायस तू?"

"रानातच हाय."

"मग झाली की येळवस! कुणाला उपाशी जाऊ देऊ नको."

इतक्यात शेताचे मालक, एक आजोबा, कुत्रा घेऊन आले. आता हे हाकलणार, असंच आम्हाला वाटलं. पण माझ्या तोंडून सवयीनं मराठीतच निघालं, "या, जेवायला!" मी अर्धं सँडविच पुढं केलं.

आजोबा हसले आणि शेजारी बांधावर टेकले.

फोनमधून आई ओरडली, "अगं, अर्धंच काय देतीस? पाहुणा हाय त्यो!"

मग उरलेलं अर्धंही त्यांनाच दिलं. त्यांचंच शेत, आणि पाहुणे आमचे!

तुमच्या रानात आज वाटेवरचं कोण जेवून गेलं?