न तुटणारा दोरा

डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर रस्त्याच्या कडेला एक लोखंडी जाळीचा पिंजरा उभा आहे. आत झाड नाही. लोक त्यात दुधाच्या रिकाम्या पिशव्या टाकतात. वर 'महिला मंडळ' अशी पाटी अजून शाबूत आहे, आणि तिच्याकडे न बघता जायची मी आता सवय करून घेतली आहे.

गल्लीत झाडं लावायची टूम निघाली तेव्हा मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. उभा जन्म मराठी शाळेत शिकवण्यात गेला, त्यामुळे मला सगळे 'बाई'च म्हणतात, शेजारणींचे नवरेसुद्धा. आणि बाई म्हटलं की मला चेव येतो, खोटं कशाला सांगू. सगळ्यांनी कडुनिंब, सप्तपर्णी, कांचन अशी यादी केली होती. मी म्हटलं, एक वड हवाच. वटपौर्णिमेला आम्हाला ताट मांडीवर घेऊन रिक्षानं पार पर्वत पाटियाच्या पुढे जावं लागायचं, नाहीतर कुठून तरी फांदी तोडून आणून घरात पुजायची. झाडाची पूजा करायला झाडच तोडायचं, ही कुठली रीत? एक गृहस्थ म्हणाले की वडाची मुळं फुटपाथ उचकटतील. त्यांना मी दोन वाक्यांत गप्प केलं. कडुनिंब-कांचन घराघरांत वाटले गेले आणि वड आम्हा बायकांचा झाला. पाणी घालायचे वारही मीच लावून दिले.

पहिल्या वर्षी रोपाचं खोड अंगठ्याएवढं जाड होतं. पूजेच्या दुकानातलं सुती सूत कच्चं निघालं आणि तिसऱ्याच फेऱ्याला एकीचं तुटलं. फेरे घालताना सूत तुटणं म्हणजे काय, ते आमच्यातल्या कुणाला सांगावं लागत नाही. ती बिचारी ताट तसंच उचलून घरी गेली. पुढच्या वर्षी मी शहाणपणा केला. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील यार्नच्या कारखान्यात कामाला होते, त्यांच्याकडून पॉलिस्टरच्या धाग्याचा एक अख्खा कोन, म्हणजे मोठं रीळच, मागवला. पांढराशुभ्र, चमकदार, आणि हातानं तुटता तुटत नव्हता. पिंजरा उचलून बाजूला ठेवला आणि प्रत्येकीनं खोडाला सात फेरे घातले. मी स्वतः सगळ्यांत घट्ट ओढून घेतला. बायका म्हणाल्या, बाईंचं डोकंच वेगळं. आणि मी ते ऐकून घेतलं, अगदी समाधानानं.

सुती सूत उन्हापावसात कुजून आपोआप गळून पडतं. म्हणून तर ते कधी कुणी सोडवत नाही. नवऱ्याच्या आयुष्यासाठी बांधलेला धागा कुठली बाई स्वतःच्या हातानं काढेल? पॉलिस्टर मात्र कुजत नाही. दाराबाहेर पडलं की यार्नचे टेम्पो दिसतात असल्या गावात मी इतकी वर्षं राहिले, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

गेटजवळ एक जुना कडुनिंब आहे. त्याच्या सावलीत इस्त्रीवालीची लारी, म्हणजे हातगाडी, असायची. खानदेशातली बाई. नवरा लूमवर कामाला होता, तो अचानक गेला, तेव्हापासून कोळशाची इस्त्री आणि आमच्या सोसायटीचे कपडे, यावर तिनं दोन मुली शिकवायला घातल्या होत्या. ती जागा म्हणजे तिचं घर होतं म्हणा ना. कपड्यांवर शिंपडायला तिच्याकडे पाण्याचा कॅन असे, त्यातलं उरलेलं पाणी ती रोज संध्याकाळी वडाला घालायची. आमचे वार कधीच कागदावर राहिले होते. मला ते दिसत होतं, पण त्याबद्दल तिला कधी चांगला शब्द बोलले नाही. वटपौर्णिमेच्या सकाळी ती लारी लावायचीच नाही. लावू नको असं आम्ही कुणी तिला सांगितलं नव्हतं. लाव, असंही कुणी म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी वड मलूल झाला. पानं पिवळी पडायला लागली. एका दुपारी मी गॅलरीत कपडे काढत होते आणि खाली बघते तर ही बया पिंजऱ्याशी उकिडवी बसलेली, जाळीतून हात आत घातलेला, आणि हातात ब्लेड. माझं डोकंच फिरलं. तशीच खाली धावले. तिच्या बोटांना पांढरा चीक लागला होता, खोडातूनही चीक ओघळत होता. आणखी काय पुरावा हवा होता मला? काय करतेस म्हणून विचारलं तर तिनं ब्लेड मुठीत लपवलं. माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे एकदा बघितलं, मान खाली घातली आणि म्हणाली, "काही नाही, बाई."

त्याच संध्याकाळी मी मीटिंग बोलावली. वड वाढला की तिच्या लारीला अडचण होणार, म्हणून ती तो मारतेय, असं मीच जोडून दिलं. बोलायला मी चांगली, वर्ग गप्प बसवायची सवय. तिला बोलावलं, सगळ्यांसमोर उभं केलं, पुन्हा विचारलं. ती काही बोलली नाही. गप्प राहिली म्हणजे कबूल, असं मी म्हटलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. तिला गेटवरून उठवलं. दुसऱ्या दिवशी तिनं आधी सगळ्यांचे कपडे इस्त्री करून घरोघर पोचवले, माझ्या चार साड्यांसकट, आणि मग लारी ढकलत निघून गेली.

दिवाळीपर्यंत वड वाळला. माणूस बोलावून तो उपटून काढला तेव्हा देखरेखीला अर्थात मीच होते. खोड हातात घेऊन बघितलं. धागा सालीच्या आत रुतला होता. त्याच्यावर खोड सुजलेलं आणि धाग्याच्या जागी गळा आवळल्यासारखं बारीक. आणि एका बाजूला, जिथे मी तिचा हात बघितला होता नेमकं तिथे, धाग्याचे पंधरा-वीस पदर ब्लेडनं कापलेले होते. त्याखालचे पदर तसेच होते. ती झाड कापत नव्हती, फास सोडवत होती. मी धावत गेले म्हणून ते अर्धवट राहिलं. त्या माणसाला मी म्हटलं, टाक, लवकर टाक कचऱ्याच्या गाडीत. कुणी बघायच्या आत. चोर असा वागतो.

तिच्याकडे जायला मला चार महिने लागले. रोज ठरवायचे आणि रोज काही ना काही काम काढायचे. शेवटी विचारत विचारत नवागामला गेले. एका अरुंद गल्लीत, पत्र्याखाली, तिची लारी होती. बाजूला कपड्यांचं एकच गाठोडं. मला बघून तिनं इस्त्री उभी केली आणि बसायला स्टूल पुसून दिलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, माझी चूक झाली म्हटलं, रडलेसुद्धा. मग विचारलं की त्या दिवशी बोलली का नाहीस.

ती म्हणाली, "तुम्हना मालकना नावना दोरा व्हता तो, बाई."

एवढंच. पुढचं मला कळलं. विधवा बाईनं सवाष्णींचा वडाचा दोरा ब्लेडनं कापला, हे ती भर मीटिंगमध्ये कुठल्या तोंडानं सांगणार होती? झाड मारल्याचा आळ त्यापेक्षा बरा, असं तिनं त्या तेवढ्या वेळात ठरवलं होतं. आणि तिला तिथे उभं कुणी केलं होतं? मी, शिकलेल्या बाईनं.

मी म्हटलं, परत ये, तुझी जागा तशीच आहे. तिनं विचारलं, सोसायटीत सगळ्यांना सांगितलंत का? मी म्हटलं, सांगते. तर म्हणाली, सांगा, ज्या दिवशी सांगाल त्या दिवशी लारी घेऊन येते. आणि इस्त्री उचलून कामाला लागली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला जरा सोपं गेलं असतं.

आणि जागा तशीच नव्हतीच. ती गेली त्याच आठवड्यात आमच्या ह्यांनी आमची गाडी त्या कडुनिंबाखाली लावायला सुरुवात केली होती. आधी गाडी दिवसभर उन्हात तापायची. तिच्यासमोर मी ते शब्द बोलत होते तेव्हाही मला हे ठाऊक होतं.

यंदाच्या वटपौर्णिमेला पुन्हा पर्वत पाटियाच्या पुढच्या वडाकडे जायचं ठरलं, तेव्हा बायका विचारायला आल्या, बाई, तो न तुटणारा धागा परत मागवायचा का? आता सांगावं, असं ठरवून मी तोंड उघडलं. सांगितलं काय, तर सुती सूतच आणा, पॉलिस्टरनं खोडाला फास बसतो. एकीनं डोळे मोठे केले, म्हणाली, बाईंना किती माहिती असते. ही माहिती कुणाची, ते माझ्या जिभेवर होतं. विधवेनं दोरा कापला हे कळल्यावर बायका तिलाच बोल लावतील, असं मी मनाशी म्हटलं आणि ते खरंही असेल. पण माझं तोंड बंद राहिलं ते तिच्यासाठी नाही. मला बाईच राहायचं होतं.

गाडी मात्र मी त्या जागेवरून काढायला लावली. ह्यांनी कारण विचारलं, त्यांनाही सांगितलं नाही. आता कडुनिंबाखालची जागा रिकामी असते आणि गाडी समोर उन्हात उभी असते. शेजारणी विचारतात, सावली सोडून उन्हात का लावता हो? मी सांगते, कावळे फार घाण करतात.