बाटलीतला लांब धागा

गुडीहत्नूरच्या मनकर्णाबाईने मला अकरा नाटकांत राजा केलं. राज्याच्या सीमेवरच्या गावांतून आमची मंडळी फिरायची. झगे ती शिवायची. तिचे यजमान भगवानराव काजं-बटणं करायचे, लोंबते धागे छाटायचे. मी तलवार उगारली की पडद्याआडून तिचा आवाज यायचा, "राजे, बगल उसवन!" उसवली मात्र कधीच नाही. काय दिवस होते!

दोन वर्षांपूर्वी तिच्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. आदिलाबादच्या डॉक्टरांनी समजावलं, भोवतीचं थोडं चांगलं मांस धरून गाठ काढू. कडेला रोग दिसला तर त्या बाजूने पुन्हा कापू.

ऑपरेशननंतर नर्सने गाठीची बाटली भगवानरावांच्या हाती दिली, "लॅबमध्ये नेऊन द्या." गाठीची बाजू ओळखू यावी म्हणून डॉक्टरांनी तिला दोन धागे बांधले होते. आखूड वरच्या बाजूला, लांब काखेकडे. हे त्यांना कुणी सांगितलं नाही. लांब धागा झाकणाबाहेर आला होता. जन्माची सवय! खिशातली कात्री काढून, झाकण उघडून त्यांनी तो दुसऱ्याएवढा नीट छाटला.

लॅबवाल्याने सारखे धागे पाहिले, पण डॉक्टरांना फोन केला नाही. अंदाजाने बाजू धरली आणि लिहिलं, वरच्या कडेला रोग आहे. डॉक्टरांनी वरून पुन्हा कापलं. ते मांस स्वच्छ निघालं. आम्ही पेढे वाटले.

रोग काखेकडे राहिला होता. सव्वा वर्षाने तिथेच उगवला, तोवर हाडांतही उतरला होता. डॉक्टरांनी जुना रिपोर्ट काढला. खाली बारीक अक्षरात होतं, 'दोन्ही धागे सारखे.' ती ओळ त्यांनी वाचलीच नव्हती.

"मी एक लांब ठेवला होता," ते पुटपुटले. भगवानराव समोरच उभे होते.

घरी आल्यावर, माझ्यादेखत, त्यांनी तिला सांगितलं. "तो धागा म्याच कापला, मनकर्णे."

"काऊन?"

"लोंबून राह्यला होता."

"गिऱ्हाइकाचं कापड कदी न इचारता कापलं का तुमी?"

मी मधे पडलो. म्हणालो, चूक डॉक्टरांचीही आहे, लॅबवाल्याचीही.

"तुमी गप बसा, राजे. ते दोघं माह्या घरात नाई राहत."

पोळ्याच्या आठ दिवस आधी ती गेली. शेवटपर्यंत पाणी भगवानरावांच्याच हातून प्यायली. माफ केलं, असं मात्र एकदाही म्हणाली नाही, आणि त्यांनीही माफी मागितली नाही.