मामंजींची पाऊणपट

समुद्राला चंद्र हलवतो असं शाळेत शिकवतात. रत्नागिरीचा समुद्र मात्र आमच्या मामंजींना विचारून हलत असे, अशी निदान मामंजींची तरी खात्री होती. गाव त्यांना तात्या म्हणे. तीस वर्षं त्यांनी बंदरावर कारकुनी केली. कोणतं गलबत कधी लागलं, कधी सुटलं, याच्या नोंदी करता करता भरती-ओहोटी त्यांच्या अंगात इतकी भिनली की पेन्शन झाल्यावर बंदर सुटलं, पण ती काही सुटेना. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. त्यामुळे घरातल्या चुलीपासून तुळशीपर्यंत सगळ्याला भरती-ओहोटीचा कायदा लागू होता आणि त्याविरुद्ध दाद मागायला कोणी नव्हतं.

त्यांचा हिशेब सोपा. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघाली. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. कोळ्या-खारव्यांना हे आईच्या पोटातून येतं, पण मामंजी ते वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत, त्याने विचारलेलं नसलं तरी. नखं काढायची ती ओहोटीला, कारण भरतीला काढली तर दुप्पट वाढतात. ताक घुसळायचं ते भरतीला, म्हणजे लोणी वर येतं. औषध पुन्हा ओहोटीला, म्हणजे दुखणं पाण्याबरोबर उतरतं. एकदा मी हिवतापाने फणफणले होते आणि क्विनाइनची बाटली उशाशी होती, तरी मला चार तास थांबावं लागलं. समुद्राला पूर होता. शेवटी यांनी वडिलांची पाठ वळल्यावर मला डोस पाजला. दुसऱ्या दिवशी ताप उतरला तेव्हा मामंजी समाधानाने म्हणाले, "बघितलंस, सूनबाई?" मी बघितलं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

वर्षाचे एक्कावन्न आठवडे हे असं होतं. बावन्नाव्या आठवड्यात मुंबईहून नातवंडं येत. माझ्या वन्सांची ही तीन मुलं: अकरा वर्षांची कुसुम, आठ वर्षांचा वसंत आणि पाच वर्षांचा धाकटा बाळू. आमच्या घरात अजून पाळणा हलला नव्हता, त्यामुळे त्या एका आठवड्याच्या गोंगाटावर घर पुढे वर्षभर गुजराण करी. पण ते मला आज कळतं. तेव्हा मला फक्त एवढंच कळत होतं की सात दिवस मला धड बसायला मिळणार नाही. मुलं यायच्या आधीच मामंजी सहलींचा तक्ता दारावर चिकटवीत. भाट्याची वाळू, मिऱ्या, भगवतीचा किल्ला, प्रत्येकापुढे भरती किंवा ओहोटी. किल्ल्यावर चढायला भरती कशाला हवी, असं मी एकदा विचारलं. वर भरतीचा वारा मिळतो, म्हणाले. त्या वाऱ्यासाठी मी भर दुपारी डबे, पाण्याची कळशी आणि झोपलेला बाळू घेऊन किल्ला चढले. हे म्हणजे आमचे यजमान दरवर्षी याच आठवड्यात शाळेचे पेपर तपासायला काढीत. पेपर इतके कसे साठत, ते परमेश्वराला ठाऊक.

मी सांगते आहे त्या वर्षी जावईबापूंचं पत्र मुलांच्या आधी येऊन धडकलं. गेल्या वर्षी उन्हात फिरून वसंताने मुंबईत तीन दिवस ताप काढला होता. तेव्हा यंदाचा आठवडा शेवटचा समजावा, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं. मुलं धडधाकट परत आली आणि ठरलेल्या आगबोटीने आली तरच पुढच्या वर्षीचा विचार होईल. ती बोट पावसाळ्याआधीची शेवटची होती. ती चुकली की बोटी बंद, आणि मुलं थेट नारळी पौर्णिमेनंतर. तसं झालं तर यापुढे मे महिन्याची सुट्टी नाशकाला, जावईबापूंच्या आईकडे. मामंजींनी ते पत्र दोनदा वाचलं, घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलं, आणि त्यानंतर त्याचं नाव काढलं नाही.

मुलं वैशाख शुद्ध सप्तमीला आली. आगबोटीवरून किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून उतरल्या उतरल्या परीक्षा सुरू झाली. सप्तमीची पाऊणपट? कुसुमने सव्वापाच सांगितलं. बाळूचं उत्तर कधीही विचारलं तरी सहा. दुसऱ्या दिवशी अष्टमी आली आणि त्याचं सहा बरोबर ठरलं. मामंजींनी आढीतला सगळ्यात मोठा आंबा त्याला दिला. तिसऱ्या दिवशीही त्याचं सहा बरोबर ठरलं. मी म्हटलं, अष्टमी काल झाली ना? तर तिथीची वृद्धी आहे म्हणाले. कधी कधी एकच तिथी दोन दिवस येते. येते, हे मलाही माहीत होतं. आणि रोज सकाळी संध्येच्या संकल्पात तिथीचा उच्चार करणाऱ्या माणसाशी तिथीवरून वाद कोण घालणार?

मग शेजारच्या काकूंनी एकादशी केली, तेव्हा आमच्याकडे दशमी चालली होती. त्यांचं पंचांग घाटावरचं असेल, मामंजी म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही एकादशी केली. तिसऱ्या दिवशी मी पारण्यासाठी डाळ शिजत घातली, तर पुन्हा एकादशी. कालची स्मार्त, आजची भागवत. आमच्या घराण्यात भागवत एकादशी कोणी कधी केली नव्हती. दोन दिवस वरीचे तांदूळ खाऊन वसंत माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच त्याला उपाशी ठेवते आहे. मी पंचांग शोधलं, तर ते जागेवर नव्हतं. यांना विचारलं, तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, तात्यांची तिथी चुकत नाही.

बोटीचा दिवस उजाडला. बोट संध्याकाळी पाचला. कोणत्याही शहाण्या माणसाने त्या दिवशी मुलांना घरात बसवलं असतं, पण आमच्या तक्त्यावर आरे-वारे बाकी होतं. द्वादशीची पाऊणपट नऊ, नऊला भरती, तीनला ओहोटी. दीड वाजता खाडीतून चालत परत आणि चारला बंदरावर. पहाटे बैलगाडीने निघालो. वाटेवरची खाडी साडेपाचला पायी ओलांडली. त्यांच्या हिशेबाने पाणी चढत असायला हवं होतं, पण ते घोट्यालाही लागेना. देव बरा आहे, मामंजी म्हणाले. गाडीवानाला अलीकडच्या काठावर थांबवून आम्ही वाळूवर गेलो. मुलं डुंबली, दशम्या खाल्ल्या, आंबे चोखले. शेजारच्या काकू त्याच बोटीने मुंबईला चालल्या होत्या आणि मुलांना सोबत नेणार होत्या. त्या सामान घेऊन बंदरावर येणार असल्यामुळे माझ्या डोक्याला तेवढा तरी ताप नव्हता.

दीड वाजता खाडीशी आलो, तर पाणी छातीएवढं. पलीकडे बैल सावलीत रवंथ करत उभे होते. मामंजी काठी पाण्यात रोवून बघत राहिले. वाळूवर होडीला टेकून एक म्हातारा खारवी जाळं शिवत बसला होता. तो म्हणाला, "आज चवदस, तात्यानू. साडेचाराशिवाय पुरी ओहोटी व्हायची नाय."

चतुर्दशी. म्हणजे आम्ही दोन दिवस मागे होतो. एक अष्टमी आणि एक एकादशी आमच्या घरातच जन्माला आली होती. पायी उतरायचं तर आणखी दोन तास थांबावं लागलं असतं, आणि पुढे गाडीची वाट दोन तासांची. मला भयंकर संताप आला. मामंजी खारव्याशी वाद घालतील, वाऱ्याला दोष देतील, अशी मी वाट बघत होते. त्यांनी मान खाली घातली आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "सकाळी संकल्प म्हणताना तिथी पुढे न्यायला जीभ वळेना गं. मागनं मलाच खरं वाटायला लागलं."

तेवढ्यात कुसुमचा चेहरा फुलला. ती म्हणाली, "आजोबा, बोट चुकली तर आम्ही पावसाळाभर इथेच ना?" वसंताने लगेच उडी मारली. बाळूने आजोबांचं धोतर धरून आपण जायचंच नाही असं जाहीर केलं. ओल्या केसांची ती तीन पोरं तोंडं वर करून त्यांच्याकडे बघत होती. आठ दिवस या माणसाने मनात जे धरलं होतं, ते आता नुसतं वाळूवर बसून राहिलं तरी मिळणार होतं. कोणी त्यांना दोष दिला नसता. पाणी काय, कोणालाही अडवतं.

मामंजींनी खिशावरून हात फिरवला. पत्र तिथेच होतं. तीस वर्षांच्या नोकरीत ज्यांनी खारव्याकडून साधा नारळ घेतला नव्हता, ते त्या म्हाताऱ्यासमोर हात जोडून उभे राहिले. "होडी लोट बाबा. पोरांना आज जायलाच हवं." आणि त्याने हो म्हणायच्या आत स्वतःच होडीला खांदा लावला. बाळू पलीकडच्या काठापर्यंत रडत होता. मामंजींनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

बंदरावर पोचलो तेव्हा शेवटचा पडाव सुटायच्या बेतात होता. काकूंनी मला चार शब्द ऐकवले, ते मी पुढे मामंजींना ऐकवायचे म्हणून जपून ठेवले. मुलं पडावात चढली, पडाव आगबोटीला लागला, आगबोटीचा भोंगा झाला. परतताना गाडीत मी तोंड उघडणार, तोच ते बोलले.

"पुढच्या वर्षी येतील ना गं?"

कोणत्या दिवशी किती वाजता पाणी येईल, हे अख्ख्या गावाला न विचारता सांगणारा माणूस मला विचारत होता. धोतर कमरेपर्यंत ओलं, त्याला वाळू चिकटलेली. जपून ठेवलेला एकही शब्द मला आठवेना. मुलं पुढच्या वर्षी आली, त्यानंतरही पुष्कळ वर्षं आली. पण त्या गाडीत मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी "येतील" म्हटलं, आणि घर येईपर्यंत त्यांनी ते माझ्याकडून आणखी तीनदा म्हणवून घेतलं.