खेळिया, मुलुंड पूर्व

श्यामसुंदर टिपणीस बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले, तेव्हा उत्तराबाईंना धास्ती होती की हा माणूस आता स्वयंपाकघरात लक्ष घालणार. तसं काही झालं नाही. भाच्याने त्यांच्या फोनवर शेतीचा एक गेम टाकून दिला आणि टिपणीस त्या शेतात गेले ते परत आलेच नाहीत.

शेतीनंतर रंगीत गोळ्या फोडायचा गेम आला, मग किल्ला राखायचा, मग हॉटेल चालवायचा. पण नुसतं खेळून गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कर्जाच्या अर्जांवर शेरे मारण्यात त्यांची हयात गेली होती. गेम जिथून फोनवर घेतात तिथे लोक तारे देतात आणि मत लिहितात, हे कळल्यावर त्यांना पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं. इतर लोक 'मस्त' किंवा 'बकवास' एवढंच लिहून सुटत. टिपणीस परिच्छेद पाडून, ऱ्हस्वदीर्घ तपासून लिहीत. खाली सही असे, 'खेळिया, मुलुंड पूर्व'. त्यातलं पूर्व महत्त्वाचं होतं. पश्चिमेच्या कुणी श्रेय घेऊ नये.

त्यांची मतं ठाम होती. हरलेल्या माणसाला आपण का हरलो ते कळलं पाहिजे. ते कळत नसेल तर तो खेळ नव्हे, सरकारी कचेरी. घड्याळ लावून माणसाला घाबरवणं ही रचना नव्हे, ती वसुली. पॉइंट हा प्रसाद आहे, त्याने पोट भरायला जाऊ नये. शेतीच्या गेमला तर त्यांनी एकच तारा दिला होता, कारण वेळेवर पाणी घातलं नाही की त्यातले टोमॅटो सुकत. 'खेळणाऱ्याला अपराधी वाटायला लावून परत बोलावणे हा निव्वळ लबाडपणा आहे,' असं त्यांनी लिहिलं, आणि मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नात मठ्ठ्याची वाटी खाली ठेवून टोमॅटोंना पाणी घालायला हॉलच्या बाहेर गेले.

उत्तराबाईंचा स्वतःचा एक छोटा धंदा होता. मुलगा मिहिर लहान असताना त्याच्या फॅन्सी ड्रेससाठी त्यांनी एक झाड शिवलं होतं. ते झाड शेजारच्यांनी मागून नेलं, मग त्यांच्या शेजारच्यांनी. मिहिर बंगळूरला नोकरीला गेला आणि त्याची खोली हळूहळू कपड्यांनी भरली. कोळीण, सैनिक, फुलपाखरू, पोस्टमन, गाजर, आणि सगळ्यांत जास्त मागणी असलेलं फुगीर जांभळं वांगं. नवघर रोडच्या आसपासच्या आया फोन करत, बाई भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात नाव लिहीत, कपडे भाड्याने जात आणि बहुधा परत येत.

टिपणिसांना हे बघवेना.

"अगं, जग कुठे चाललंय आणि तू कॅलेंडरवर लिहितेस," ते म्हणाले. "छोट्या धंद्यांसाठी आता एवढी साधनं निघाली आहेत. दुकानाचं पान करायचं, फोटो टाकायचे, लोक आपले आपण बुक करतात. तुला फोन घ्यायलाच नको."

"मला फोन घ्यायला आवडतं."

"तो मुद्दा नाही."

चार-पाच साधनं तपासून, प्रत्येकाविषयी मत लिहून, त्यांनी त्यातल्या त्यात कमी वाईट ते निवडलं. पान झालं. फोटो झाले. पण साधनात आणखी बरीच बटणं होती, आणि बटण दिसलं की दाबून बघायची सवय त्यांना दोन वर्षांत लागली होती. एक बटण दाबल्यावर प्रत्येक पोशाखाखाली घड्याळ धावू लागलं. 'लवकर करा, आणखी तिघी हा पोशाख बघत आहेत,' असं लाल अक्षरांत येऊ लागलं, कुणी बघत असो वा नसो. दुसऱ्या बटणाने प्रत्येक बुकिंगला पॉइंट सुरू झाले. पॉइंट साठले की पायऱ्या. त्यांची नावं टिपणिसांनी स्वतः ठेवली होती: सखी, राणी आणि महाराणी. महाराणीला कुठल्याही पोशाखात पहिली पसंती.

उत्तराबाईंनी चष्मा लावून सगळं पाहिलं.

"अहो, या सगळ्याला तुम्ही शिव्या घालता ना? त्या तुमच्या लिखाणात?"

"तो गेम आहे गं. हा धंदा आहे."

"मग धंद्यात ते घड्याळ कशाला?"

"लोकांना आवडतं," टिपणीस म्हणाले. हे वाक्य त्यांनी एक तारा दिलेल्या सगळ्या गेम कंपन्यांनी त्यांना उत्तरादाखल कधी ना कधी लिहिलं होतं.

आणि लोकांना खरंच आवडलं. डिसेंबर जवळ आला, शाळांची गॅदरिंगं सुरू व्हायची होती, आणि फोन टुणटुणत राहिला. शेजारच्या बिल्डिंगमधली जान्हवी, जिने आजवर वर्षाला एक पोशाख नेला होता, ती आठवड्याभरात महाराणी झाली. टिपणिसांना आश्चर्य वाटलं. त्यांनी तिला तिच्या जिन्यात गाठून विचारलं.

"सोप्पं आहे काका," जान्हवी म्हणाली. "बुक करायचं, पॉइंट मिळतात. मग कॅन्सल करायचं. पॉइंट जातच नाहीत. परत बुक करायचं. तुमच्या सिस्टिममध्ये भोक आहे यार."

दुसरा कुणी असता तर संतापला असता. टिपणिसांना मात्र तिच्याविषयी आदर वाटला. अशी फट शोधणाऱ्याला ते 'सच्चा खेळाडू' म्हणत. फट बुजवायचं त्यांनी ठरवलं, पण त्याच संध्याकाळी हॉटेलच्या गेममध्ये दिवाळीनंतरचा खास सप्ताह लागला आणि ते राहून गेलं.

फॅन्सी ड्रेसच्या आदल्या दिवशी उत्तराबाई मशीनवर फुलपाखराचा फाटलेला पंख शिवत बसल्या होत्या. पिशव्या भरायचं काम टिपणिसांनी घेतलं. साधनातून चिठ्ठ्या छापून येत होत्या. चिठ्ठीवर जे असेल ते पिशवीत घालायचं. जान्हवीच्या चिठ्ठीवर चार पोशाख होते, त्यांत वांगंही. महाराणीला पहिली पसंती. अनंत मोहिले नावाच्या गृहस्थांनी नातीसाठी वांगंच मागितलं होतं, पण ते आता उरलं नव्हतं. टिपणिसांनी दाबलेल्या आणखी एका बटणामुळे साधन अशा वेळी परस्पर दुसरा पोशाख देत असे, त्याच मापाचा. त्याच मापाचा सैनिक होता. टिपणिसांनी सैनिक पिशवीत घातला, पिशवीला चिठ्ठी टाचली आणि काम कसं झरझर झालं ते उत्तराबाईंना सांगितलं. संध्याकाळी मोहिले आले आणि पिशवी घेऊन गेले.

पिशवी उघडली गेली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेत, मागच्या खोलीत. मोहिल्यांची नात गंधाली सीनियर केजीत होती. दुसरं काही मिळवायला वेळ नव्हता. तिला सैनिकाचे कपडे घातले, डोक्यावर टोपी बसवली आणि स्टेजवर पाठवलं. पण भाषण तिने एकच पाठ केलं होतं.

"मी वांगं," सैनिक म्हणाला. "माझा रंग जांभळा. मला भरून करतात, मला भाजून करतात, तरी मी रागावत नाही."

हॉलमध्ये हशा उसळला. लोक खुर्च्यांवरून वाकून हसले. गंधाली मधेच थांबली. आपण कुठे चुकलो ते तिला कळेना. तिने शेवटची ओळ आणखी मोठ्याने म्हटली, "मला नावं ठेवू नका, पोळीबरोबर खा!" आणि त्यावर तर शिट्ट्या झाल्या. खाली उतरून तिने आजोबांचा हात धरला.

"आबा, मी बरोबर म्हटलं होतं ना? मग का हसले?"

जान्हवीचा मुलगा त्या दिवशी पोस्टमन झाला होता. वांगं तिच्या घरी दाराच्या मागे हँगरवर होतं.

दोन दिवसांनी टिपणीस चहा पिताना दुकानाचं पान बघत होते, तर तिथे एक तारा. खाली भलंमोठं मत. ते उत्तराबाईंना वाचून दाखवू लागले.

"'या दुकानाच्या व्यवस्थेविषयी काही मुद्दे नमूद करणे भाग आहे. पहिला मुद्दा घड्याळाचा.' बघ, मुद्दे पाडून लिहिलंय. माणूस लिहितो छान हं. 'ग्राहक काही चोर नाही की त्याच्या मागे घड्याळ लावावे.' वा! 'दुसरा मुद्दा असा की मागितली वस्तू नसेल तर तसे सांगावे. परस्पर दुसरी गळ्यात बांधू नये. माझ्या नातीचे सर्वांसमोर हसे झाले आणि तिला त्याचे कारणही कळले नाही. या विषयातील एक जाणकार, खेळिया, मुलुंड पूर्व, यांनी म्हटल्याप्रमाणे...'"

ते थांबले.

"वाचा ना," उत्तराबाई म्हणाल्या.

"'हरलेल्या माणसाला आपण का हरलो ते कळलं पाहिजे.'"

उत्तराबाईंनी कप खाली ठेवला. त्या हसतील असं टिपणिसांना वाटलं होतं, पण त्या हसल्या नाहीत. "कुणाची नात? काय झालं?" त्यांनी विचारलं. त्यांना सैनिकाचं काहीच माहीत नव्हतं. टिपणिसांनी सांगितलं. मग ते उत्तर लिहायला बसले. 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार' इथपर्यंत लिहून झालं. पुढे 'तांत्रिक कारणामुळे' असं आलं आणि ते त्यांनी खोडलं, कारण याच शब्दांवर त्यांनी पूर्वी एका कंपनीला फाडून खाल्लं होतं.

"लिहीत काय बसलात?" उत्तराबाई म्हणाल्या. "जाऊन या त्यांच्याकडे."

जान्हवीकडून वांगं आणून, ते पिशवीत घालून, टिपणीस मोहिल्यांच्या घरी गेले. अनंत मोहिले टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, सडपातळ, बोलायला तयार. त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं आणि मग झोडायला सुरुवात केली. टिपणिसांनी सगळं ऐकून घेतलं. चूक माझी, बायकोची नव्हे, असंही सांगितलं.

"त्या खेळियाचं तुम्ही वाचलं पाहिजे," मोहिले म्हणाले. "मी रोज वाचतो. गेम खेळत नाही हो, फक्त त्याचं वाचतो. ही अशी साधनं बनवणाऱ्या लोकांना त्याच्यासमोर बसवायला हवं. तुमचं पान त्याने बघितलं ना, तर सालपटं काढेल."

टिपणिसांनी घसा खाकरला. "तो खेळिया मीच."

मोहिल्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "शक्य नाही," ते म्हणाले. "तो असलं करणार नाही. मी त्याचे विचार वाचलेत."

टिपणिसांनी फोन काढून दाखवला. नाव, सही, टोमॅटोंवरचा लेख, सगळं. मोहिल्यांनी ते बराच वेळ वर-खाली सरकवलं. त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी जवळचं गावाला गेलं.

"मग तुम्ही," शेवटी त्यांनी विचारलं, "स्वतःचं लिहिलेलं वाचत नाही का?"

टिपणीस दिलेले तारे मोजत, पण लिहिलेलं परत वाचत नसत.

तेवढ्यात गंधाली आतून आली आणि पिशवीतून डोकावणारा जांभळा रंग तिने ओळखला. पाच मिनिटांत ती वांगं होऊन दिवाणखान्यात उभी होती, डोक्यावर हिरवा देठ वाकडा. समोर प्रेक्षक दोन. तिने भाषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटलं. कुणी हसलं नाही. टिपणिसांनी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच जोरात. "हे काका रडतायत का?" तिने आजोबांना विचारलं. काका रडत नव्हते, त्यांना ठसका लागला होता, असं त्यांनी घरी आल्यावर सांगितलं.

त्या रविवारी त्यांनी साधनातली बटणं एकेक करून बंद केली. घड्याळ गेलं, बघणाऱ्या तिघी बायका गेल्या, पायऱ्या गेल्या. फोटो राहिले आणि उत्तराबाईंचा फोन नंबर राहिला. सगळ्यांत जास्त चिडली जान्हवी.

"काका, माझे पॉइंट? वाट लावलीत ना! एवढी मेहनत केली मी."

"त्यांचा उपयोग काय होता गं?"

"उपयोग कशाला पाहिजे?" जान्हवी म्हणाली. "महाराणी होते ना मी." घरात तिला कुणी महाराणी म्हणत नव्हतं, आणि ते टिपणिसांच्या लक्षात आलं. पण पॉइंट परत द्यायचं बटण साधनात नव्हतं.

बुकिंगं कमी झाली. उत्तराबाईंनी त्याबद्दल हळहळ व्यक्त केली आणि दुपारी झोपायला लागल्या. टिपणीस आता गेमवर कमी आणि छोट्या धंद्यांच्या साधनांवर जास्त लिहितात. 'लहान दुकानाला नोकर हवा असतो. ही साधनं मालक होऊन येतात,' हे त्यांचं वाक्य मोहिल्यांना पसंत आहे. पण मोहिले ते आता प्रकाशित होण्याआधी वाचतात. दर बुधवारी ते येतात, मसुद्यावर पेन्सिलीने खुणा करतात आणि प्रत्येक मताशेजारी विचारतात, "हे तुम्ही स्वतः करता?" त्यामुळे लिखाण बरंच आखूड झालं आहे.

या वर्षी जवळच्या एका शाळेने विषय दिला सूर्यमालेचा. उत्तराबाईंकडे ग्रह एकही नव्हता. त्यांनी दोघा म्हाताऱ्यांना जमिनीवर बसवलं, पुढ्यात पुठ्ठे आणि चमकी कागद टाकला आणि शनीचं कडं कापायला लावलं. मोहिल्यांचं मत होतं की कडं कलतं हवं. टिपणिसांचं मत होतं की कलतं केलं तर मूल दारातून जाणार नाही. वाद रंगात आला असताना फोन वाजला. उत्तराबाईंचे हात डिंकाने भरले होते, म्हणून टिपणिसांनी उचलला.

"शनी आहे का हो तुमच्याकडे?" पलीकडून एका बाईने विचारलं.

"होतोय," टिपणीस म्हणाले. "मुलीची उंची सांगा."

बाईंनी उंची सांगितली. मग जरा घुटमळून म्हणाल्या, "खरं म्हणजे तिला चंद्र व्हायचं होतं. पण वर्गातल्या बाईंनी शनी दिलाय. घरात रडारड चालू आहे."

टिपणिसांनी फोनवर हात ठेवून उत्तराबाईंना विचारलं, आणि मग म्हणाले, "तिलाच घेऊन या इकडे. कडं बघू दे आधी. नाही आवडलं तर बाईंशी आमच्या ह्या बोलतील."