दादाचं आवण

काल वाशिंदला शेजारच्या लग्नात कुणीतरी अंगावर अत्तर शिंपडलं आणि मला मांडवातून बाहेर पडावं लागलं. उग्र गुलाबाचा तोच वास. दादाला आणलं त्या दिवशी वैशाखरे गावी आमच्या अंगणात आलेल्या पुढाऱ्याच्या अंगाला तो येत होता.

दादा मूळचा शेतकरीच. नुसत्या भातावर घर चालेना म्हणून फौजेत गेला, पण सुट्टी मात्र राब, म्हणजे रोपांसाठीची जमीन, भाजून भात पेरायलाच घ्यायचा. त्या वर्षी पेरून गेला आणि सीमेवर लढाई पेटली. आवणाची रोपं वीतभर झाली तेव्हा तो तिरंग्यात गुंडाळून परत आला.

पुढाऱ्याच्या गाड्या थेट अंगणालगतच्या त्या रोपांवर उभ्या राहिल्या. बाबांनी हात जोडले. "तेवढ्या गाड्या मागं घ्या रे, पोरानं पेरलेलं आवण हाय."

एक कार्यकर्ता हसला. "काका, साहेब स्वतः आलेत! भाताचं काय घेऊन बसलात?"

मग फोटोवाल्याच्या सांगण्यावरून दोघांनी आईला दंडाला धरून पुढाऱ्याशेजारी उभं केलं. तिचं रडू आटलं होतं. "आई, परत एकदा रडा," फोटोवाला म्हणाला.

एवढा मोठा माणूस आमच्या दारी आला, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. आज त्या अभिमानाचीही किळस येते.

आई रडली नाही. दंड सोडवून घेत ती पुढाऱ्याला म्हणाली, "आदी माझ्या पोराच्या भातावरनं गाड्या काढ."

गाड्या निघेपर्यंत तिनं कुणालाही दादाला उचलू दिलं नाही.